वाकडे कॅनल: गारठ्यातली गोल्ड आणि ३७ अंशांतली गोल्ड

वाकड्या रूट कॅनलमध्ये कुठली फाइल (कॅनल घासून रुंद करायची बारीक सुई) किती भरकटते, हे मी पारदर्शक रेझिन ब्लॉकमधल्या खोट्या कॅनलांवर बघतेय, घासण्याआधीचा आणि नंतरचा फोटो एकावर एक ठेवून. त्यांतली गोल्ड म्हणजे हीट-ट्रीटेड सोनेरी फाइल. तर तो ओव्हरले अखेर जुळला! मागच्या वेळी कॅनलची भिंत नको त्या बाजूला सरकलेली दिसत होती ना, त्यात फाइलचा काही हात नव्हता. ब्लॉकच दर वेळी केसभर वेगळा बसत होता. अंबड एमआयडीसीतल्या एका टर्नरने ब्लॉक दर वेळी त्याच जागी धरणारी ॲल्युमिनियमची जिग करून दिली. दोन डॉवेल पिना, एक स्क्रू, संपलं. "मॅडम, एवढ्या बारक्या खाचेत बसवणार तरी काय?" म्हणाला. रेझिन ब्लॉक दाखवल्यावर त्याने तो उजेडात धरून आतली वळणं बघितली आणि पैसे घेताना शंभर रुपये कमी केले. आता ब्लॉक काढा, घासा, परत बसवा, बाहेरच्या कडा एकावर एक येतात. पहिला जुळलेला फोटो मी उगाचच झूम करकरून बघत बसले होते.

आता खरं दुखणं. एस आकाराच्या ब्लॉकमधला दुसरा, एपेक्सजवळचा (मुळाच्या टोकाजवळचा) कर्व्ह. पहिल्या वळणावर सगळ्याच फाइली शहाण्यासारख्या वागतात. दुसऱ्या वळणाला पंचवीस नंबरवर (टोकाची जाडी ०.२५ मिमी) गेलं की कॅनल सरळ व्हायला लागतो. बाहेरच्या भिंतीवर झिप (फाटलेलं रुंद तोंड), त्याच्या वर एल्बो (अरुंद गळा), सगळं पुस्तकातल्यासारखं. म्हणून ब्रँडची नावं बाजूला ठेवली आणि टोकापासून ३ मिमीवरची जाडी मांडली. २५ नंबर चार टक्के टेपर (दर मिमीला ०.०४ मिमी जाड होणारी): ०.३७ मिमी. प्रोटेपर गोल्ड एफ१: ०.४१. वेव्हवन गोल्ड प्रायमरी: ०.४६. प्रोटेपर गोल्डचीच पुढची फाइल, एफ२: ०.४९. माझ्या ब्लॉकांवर सरळ होण्याचा क्रम जवळपास हाच निघाला. रोटरी (एकाच दिशेने फिरणारी) की रेसिप्रोकेटिंग (मागेपुढे फिरणारी), यावर आपण एवढे हमरीतुमरीवर येतो, पण त्या वळणावर फरक पाडते ती जाडी. एस कर्व्हमध्ये एफ२ घालायचं कारण मला तरी सापडत नाही. एफ१ वर थांबा, नाहीतर चार टक्क्यांनी पंचवीसपर्यंत जा आणि हायपोला (कॅनल धुवायच्या सोडियम हायपोक्लोराइटला) त्याचं काम करू द्या.

इथवर ठीक होतं. पण जानेवारीतले ब्लॉक आणि एप्रिलमधले ब्लॉक शेजारी ठेवले, तर तीच गोल्ड, तोच सीक्वेन्स, तोच मोटर, आणि एप्रिलच्या ब्लॉकांत दुसरा कर्व्ह जास्त सरळ. मोटरचं टॉर्क तपासलं, फाइल नव्या घेतल्या, पेकिंग (फाइल वरखाली टोचत नेणं) मोजून केलं. फरक जाईना. मग भिंतीवरच्या थर्मामीटरकडे लक्ष गेलं. जानेवारीत नाशिकचा पारा रात्री एक आकडी होतो आणि माझी खोली पेशंट संपल्यावर गारठलेली असते. एप्रिलमध्ये तिथेच पंखा गरम हवा फेकतो.

नायटीचं (या फाइलींच्या निकेल-टायटॅनियम धातूचं) सगळं तिथेच आहे. थंडीत धातू मार्टेन्साइटकडे झुकलेला, मऊ, वाकवला तर वाकलेला राहणारा. तापला की ऑस्टेनाइट, ताठ, स्प्रिंगसारखा परत उसळणारा. जुन्या, हीट-ट्रीटमेंट नसलेल्या प्रोटेपर युनिव्हर्सलचं हे रूपांतर सुमारे २१ अंशांनाच पूर्ण होतं, त्यामुळे तोंडात ती कायम ताठच. गोल्डचं सुमारे ५० अंशांवर, म्हणून ३७ अंशांतही, म्हणजे शरीराच्या तापमानालाही, ती बरीच मऊ राहते, पण १८ अंशांत होती तेवढी नाही. निळ्या हीट-ट्रीटेड फाइलींचं त्याहून नाजूक, त्यांतल्या काहींचा आकडा शरीराच्या तापमानाला अगदी खेटून आहे. १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी ऑर्थोच्या (दात सरळ करायच्या) नायटिनॉल तारेपासून १५ नंबरच्या फाइली बनवल्या, तेव्हा प्रश्न स्टीलपेक्षा किती लवचिक एवढाच होता. आता किती अंशांवर लवचिक, हे सांगितल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. सायक्लिक फटीगचंही (वळणात फिरून फिरून थकून तुटण्याचं) तेच: खोलीच्या तापमानाला भरपूर फिरलेली फाइल ३७ अंशांवर लवकर तुटते.

मग घरातलं बाळाच्या दुधाची बाटली कोमट ठेवायचं यंत्र क्लिनिकवर आणलं. डिजिटल थर्मामीटर बुडवून ३७ वर धरलं, जिगसकट ब्लॉक पाण्यात. युनिव्हर्सलमध्ये विशेष बदल नाही, गोल्डमध्ये दुसरा कर्व्ह पुन्हा जास्त सरळ. मी खूश! आणि लगेच डोक्यात आलं की कोमट पाण्यात रेझिनही मऊ पडतं. ते मुळातच डेंटिनपेक्षा (दाताच्या आतल्या कठीण थरापेक्षा) बरंच नरम, त्यात घर्षणाने वितळून फाइलच्या पात्यांत गुंतणारं. म्हणजे फाइल ताठ झाली की भिंत नरम झाली? ब्लॉकवर हे सुटणार नाही. युनिव्हर्सल फारशी बदलली नाही हा पुरावा फाइलच्या बाजूने जातो, पण मला तेवढा पुरत नाही.

तर पुढचा टप्पा खरे दात, खालच्या मोलरचं (दाढेचं) मेसिअल, म्हणजे पुढच्या बाजूचं, रूट. सीबीसीटीचा (दातांच्या थ्री-डी एक्स-रे स्कॅनचा) विचार केला होता, पण व्हॉक्सेल (स्कॅनचा सगळ्यात छोटा ठोकळा) ७५ मायक्रॉन धरला तरी आपल्याला शोधायचं सरकणं एक-दोन व्हॉक्सेलचंच, त्यावर कोण विश्वास ठेवणार. मायक्रो-सीटी आपल्या आवाक्यात नाही. मग १९८७ चा संशोधक ब्रामांतेंचा मफल (दात कापून परत जुळवायचा साचा): दात ॲक्रिलिकमध्ये बसवायचा, आडवे काप घ्यायचे, फोटो, परत जोडून फाइल चालवायची, पुन्हा फोटो. अडचण कापणारी डिस्क खाते त्या जाडीची. कापांमधली फट राहिली तर फाइल तिथे अडकून लेज (भिंतीत पायरी) करेल. हे लिहिता लिहिता सुचतंय की एपेक्सकडे कापूच नये. तिथे दोन दिशांनी एक्स-रे ओव्हरले, आणि काप फक्त फर्केशनखाली (मुळं फुटतात त्याच्या खाली), डेंजर झोनमध्ये (भिंत पातळ असते तिथे). डिस्टल (मागची) भिंत किती उरली हे तिथेच बघायचंय. टर्नरकडे पुन्हा जावं लागणार.

खरेदीबद्दल एक. एका डीलरने "गोल्डच आहे, फक्त स्वस्त" म्हणून सोनेरी सेट गळ्यात मारायचा प्रयत्न केला. रंग ऑक्साइडच्या थराचा असतो, त्यावरून आतल्या धातूची खात्री पटत नाही. मी त्यातली एक फाइल दुकानातच थंड पाण्याच्या बाटलीला लावून गार केली आणि वाकवली. टणकन सरळ! खरी हीट-ट्रीटेड फाइल गारठ्यात वाकलेली राहते. सेट तिथेच ठेवून आले.

कुणाकडे मेसिअल रूट चांगलं वाकडं असलेले खालचे मोलर असतील तर ०.१ टक्का थायमॉलमध्ये ठेवा, कॉलेज रोडला आलात की घेईन. फॉर्मालिनमधले नकोत, डेंटिन बदलतं. आणि अमाल्गम भरलेले वेगळे काढा, ते ऑटोक्लेव्हमध्ये घालता येत नाहीत, पाऱ्याची वाफ होते.