उजव्या चाकाचा ब्रेक पाइप

मागच्या मंगळवारी कामावरून येताना सिग्नलला ब्रेक मारला आणि गाडी डावीकडे ओढली. ब्रेकवरचा पाय काढला, तर उजवीकडे ओढायला लागली. घरी पोचून पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला, तर तापल्या तव्यासारखी धग. डावं चाक थंडगार.

गाडी म्हणजे आमची पिकअप, १९९६ ची फोर्ड एफ-१५०. कोल्हापुरात कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: अमेरिकेत जाऊन एवढी जुनी गाडी? तर होय. ४.९ लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत असलेलं हे इंजिन फोर्डनं याच सालापर्यंत या गाडीत दिलं. इथले शेतकरी अजून त्याचं नाव आदरानं घेतात. जळाऊ लाकडं, बागेची माती, मित्राचा सोफा, सगळं तिनं वाहिलंय. आपल्याकडे १५ वर्षांनी आरटीओत फिटनेस करून नोंदणी वाढवून घ्यावी लागते. मिशिगनमध्ये खासगी गाडीची अशी ठरावीक तपासणीच नाही. ब्रेक धरतात की नाही, हे बघायचं काम ज्याचं त्यानं करायचं. हा नियम, किंवा नियम नसणं, मला या आठवड्यात पहिल्यांदा टोचलं. इतकी वर्षं मी कागद पूर्ण आहेत ना, एवढंच बघत होतो.

आणि इथलं मीठ! डेट्रॉइट शहराच्या पोटात साडेतीनशे मीटर खोल मिठाची खाण आहे. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या खालच्या अंगाला बसतं. आपल्याकडे गाडी इंजिनानं म्हातारी होते, इथं ती तळातून गंजत जाते.

संशय होता ब्रेक ऑइल चाकापर्यंत नेणाऱ्या रबरी पाइपवर. गॅरेजला फोन केला. नऊ दिवसांनंतरची वेळ मिळाली, आणि नुसता रबरी पाइप बदलून देणार नाही, चेसिसवरची लोखंडी लाइनसुद्धा नवी टाकावी लागेल, असं सांगितलं. खर्च ६४० डॉलर. रबरी पाइपची किंमत वीसच्या आसपास. खूप राग आला. रात्री शांतपणे विचार केल्यावर वाटलं, त्यांचंही खरं असेल. पाइप आणि लाइन जोडणारा गंजलेला नट सोडवताना लाइन तुटली तर जबाबदारी त्यांचीच. पण तरी ६४०! तेव्हाच ठरवलं, हे काम आपण करायचं.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, मोटारीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इथं वडीलधाऱ्यांनाही नावानं हाक मारतात, मला ते पाच वर्षांत जमलेलं नाही. मी गाडीखाली टॉर्च घेऊन पडलेला बघून ते स्वतःहून आले. हातात एक पाना होता. रिंग पान्यासारखाच, पण रिंगेला एक फट, तेवढ्यातून लाइन आत सरकवायची आणि मग नट पाचही बाजूंनी पकडायचा. साध्या फिक्स पान्यानं हा नट गोल होतो आणि मग कुणालाच दाद देत नाही. गंज सोडवायचं तेल दोन दिवस सकाळ-संध्याकाळ मारायचं, हातोडीनं हलकेच टिचक्या द्यायच्या, घाई करायची नाही, एवढं सांगून ते गेले. पाना माझ्याकडेच ठेवून गेले.

शनिवारी जॅकवर गाडी उचलली, खाली स्टँड दिले. उजवं चाक हातानं फिरेना. कॅलिपरचं, म्हणजे चाकाची डिस्क आवळणाऱ्या भागाचं, निपल (ऑइल सोडायची बारीक तोटी) अर्धा आटा सोडलं, चिर्रकन ब्रेक ऑइल उडालं आणि चाक मोकळं झालं. म्हणजे ऑइल आत जात होतं, पण परत येत नव्हतं. पाइप बाहेरून चांगला दिसत होता, एक चीरसुद्धा नाही. वरचा नट मात्र चाळीस मिनिटं हलला नाही. तेलाचा वास, थंडीनं बधिर झालेली बोटं, पाठीखाली पुठ्ठा. त्या वासानं मी थेट कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वर्कशॉपच्या वस्तीत पोचलो.

आमच्या जीपचे मिस्त्री तिथलेच. १९९८ च्या उसाच्या हंगामात बाबांच्या जीपचा असाच पाइप फुटला होता. मिस्त्री रात्री सायकलवरून शेतावर आले, मी टॉर्च धरला. त्यांनी रॉकेलनं हात धुतले आणि दीडशे रुपये सांगितले. बाबांनी शंभर दिले. ते मुकाट्यानं घेऊन गेले. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो आणि बाबांनी पन्नास वाचवले याचं मला कौतुक वाटलं होतं. परवा पुठ्ठ्यावर पडल्या पडल्या ते पन्नास रुपये सारखे डोळ्यासमोर येत होते.

नट सुटला. लाइन तुटली नाही. नवा पाइप पीळ न पडू देता बसवला, कॅलिपरच्या बोल्टला दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घातले, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाइप कुठं घासत नाही ना ते पाहिलं. मग एअर, म्हणजे लाइनमध्ये शिरलेली हवा, काढायची. सौ. पेडलवर बसली, अंगात जाड जाकीट, पायात लोकरीचे मोजे. मी खालून ओरडत होतो: मार, मार, मार, धर! निपल उघडायचं, बाटलीत बुडबुडे येतात, निपल बंद करायचं, मगच तिनं पाय उचलायचा. मध्ये एकदा तिनं आधीच उचलला आणि हवा परत आत गेली. पुन्हा सगळं पहिल्यापासून. पंधराव्या वेळेला बुडबुडे थांबले आणि ती वरून म्हणाली, "आता दगडासारखं लागतंय."

जुन्या पाइपवर बारीक अक्षरात बनवल्याची तारीख छापलेली होती, १९९५ मधली. म्हणजे कारखान्यातून आला तोच पाइप. मी तो सुरीनं उभा चिरला. तीन मिलिमीटरचं भोक असतं आत. आतलं रबर फुगून इतकं जवळ आलं होतं की एका जागी देवघरातल्या उदबत्तीची काडीसुद्धा पुढं जाईना. पेडलच्या जोरानं ऑइल त्यातून रेटलं जायचं, पण परत यायला जोर कुठला? म्हणून चाक पकडून बसायचं.

रविवारी सकाळी, म्हणजे तिकडे रात्री, मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला. आता त्यांचा मुलगा गॅरेज बघतो, ते ओट्यावर बसून असतात. कॅमेऱ्यासमोर चिरलेला पाइप धरला. त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ बघितला.

"वाशर नवं घातलंस न्हवं?"

"होय मिस्त्री, नवे चार आणले होते."

"चार कसं? एका चाकाला दोनच लागत्यात."

दुसरे दोन डाव्या पाइपबरोबरचे, डब्यात नीट जपून ठेवलेत, असं मी सांगितलं.

"मग त्यो अजून डब्यातच का हाय? दुसऱ्या अंगाचा बी त्याच वयाचा की रं. आजच बदल. आन् धनीनबाईला सांग, तू वरडल्याबिगर पाय उचलायचा न्हाई."

कॉल ठेवला आणि डाव्या चाकाचे नट सैल करायला घेतले. शेजारचे आजोबा कॉफीचा मग घेऊन कुंपणापाशी आले होते.