यंदा टेम्पो आमचा नव्हता

हरेगावच्या मतमाउलीला, म्हणजे येशूच्या आईला, मरियेला, आमच्या वस्तीतून पायी दिंडी जाते. तिच्या मागचा टेम्पो वडिलांच्या काळापासून आमच्या घरचा असायचा. डिझेल आमचं, पाण्याचे जार आमचे, दुसऱ्या मुक्कामाची बुंदीही आमचीच. त्यामुळे मी चालायचो फारच थोडा. केबिनमध्ये बसून पुढं जायचं, मुक्कामाची जागा बघायची, कुणाचे पाय सुजले तर त्याला वर चढवून घ्यायचं. लोक मान द्यायचे आणि मलाही ते आवडायचं.

2023 साली ते जमलं नाही. हप्ते थकले म्हणून टेम्पो उन्हाळ्यातच विकला होता. त्यावर ऑगस्ट असा गेला, की 1901 पासूनच्या नोंदींत देशानं इतका कोरडा ऑगस्ट पाहिला नव्हता. सोयाबीन ऐन फुलोऱ्यात माना टाकून बसलं. कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळ कांदा होता, त्याचा भाव जरा हलायला लागला तोच 19 ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. लिलाव बंद पडले. सरकार 2410 रुपये क्विंटलनं खरेदी करणार अशी घोषणा झाली खरी, पण ज्या प्रतीचा माल तिथं मागत होते तसा माझ्या चाळीत किती उरला होता हे वासावरूनच कळत होतं. विहिरीत मोटार पाच मिनिटं चालायची आणि हवा ओढायची.

मी यंदा येत नाही, असं मंडळाला कळवणार होतो. बायको म्हणाली, "टेम्पो नाही म्हणून देवाकडं जायचं नाही, हे कुठं लिहिलंय?" आणि तिनं माझ्या चपलांचे पट्टे शिवायला दिले.

वडील इतकं का द्यायचे, हे इथं सांगायला हवं. नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या ख्रिस्ती घरांना एक टोमणा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावा लागतो: तुमचे वाडवडील धान्यासाठी बाटले. 1896 ते 1900 या काळात या भागानं लागोपाठ दुष्काळ पाहिले, मिशनऱ्यांनी धान्य दिलं, कामं काढली. आमच्या पणज्यानं त्यातलं धान्य खाल्लं असेल. खाल्लंच असेल, नाहीतर मी हे लिहायला इथं नसतो. पुढं 1972 च्या दुष्काळातही तेच झालं. स्वित्झर्लंडहून आलेले जेज्वीट फादर हर्मन बाखर यांच्यासारखी माणसं तेव्हा या जिल्ह्यात पाणी आणि मातीची कामं उभी करत होती. आमची विहीर त्याच काळातली, कामाच्या बदल्यात धान्य घेऊन खोदलेली. वडील तेव्हा पोरगेले होते, टोपल्या उचलायचे. शाळेत त्यांना 'मिलो' म्हणून चिडवायचे, त्या मदतीत येणाऱ्या लाल ज्वारीवरून. मोठेपणी त्यांनी मनाशी ठरवलं, की या घरातून आता फक्त बाहेर जाईल, आत काही येणार नाही. टेम्पो आणि बुंदी ही त्या मिलोची परतफेड होती. मला ते सगळं वारशात मिळालं, ताठ मानेसकट.

निघालो त्या गुरुवारी गोपाळकाला होता. पहाटे वस्तीतल्या छोट्या चर्चपुढं क्रूस उचलला. मागं मरियेची सजवलेली मूर्ती, पेटी, टाळ, मृदंग. टेम्पो यंदा पलीकडच्या वस्तीतल्या एका गवंडीकाम करणाऱ्या पोरानं भाड्यानं आणला होता. त्यानं माझी पिशवी मागितली, मी दिली नाही. नगर-संभाजीनगर हमरस्त्याच्या कडेनं चालताना ट्रकांचा वारा अंगावर येतो आणि मृदंगाचा ठेका मध्येच तुटतो. पोरं तो पुन्हा पकडतात. आम्ही जपमाळही म्हणतो आणि अभंगाच्या चालीवर येशूची भजनंही. बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं, आम्हाला कधी वाटलं नाही.

दुपारपर्यंत टाचेला फोड आला. मी कुणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी नेवाशात पोचलो तेव्हा चौकात हंडीचा दणदणाट चालू होता. आमची पेटी-मृदंग त्यात बुडून गेली. दिंडीतल्या काही बायका पैस खांबाला जाऊन आल्या. ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली अशी श्रद्धा आहे. माझी आजीही हरेगावला जाताना तिथं हात जोडूनच पुढं जायची. फादरांनी कधी टोकलं तर म्हणायची, "वाटेवर थोरल्या माणसाचं घर लागलं, तर न बोलता कसं जायचं?"

मुक्काम शाळेच्या ओट्यावर होता. खिचडी खाऊन झाल्यावर आमच्यातले निवृत्त मास्तर बायबल घेऊन बसले. फादर नसतील तेव्हा प्रार्थना तेच चालवतात. त्यांनी हबक्कूकचा शेवटचा अध्याय काढला. अंजिराला फूल येवो न येवो, द्राक्षवेलीला फळ नसो, जैतुनाचं पीक बुडो, शेतात अन्न न पिको, वाड्यात मेंढरं आणि गोठ्यात गुरं नसोत, तरी मी परमेश्वराठायी आनंद करीन, असं तो संदेष्टा म्हणतो. मी हे अनेकदा ऐकलं होतं, पण त्या रात्री पहिल्यांदा शेतकऱ्याच्या कानानं ऐकलं. पिकामागून पीक, मग जनावरं, तलाठ्याच्या पंचनाम्यासारखी ही यादी आहे. काहीच सोडलेलं नाही. आणि पुढं कुठंही, नंतर पाऊस झाला, अंजिरं लागली, असं लिहिलेलं नाही.

मास्तरांना मी म्हणालो, "मास्तर, हे आनंद-बिनंद जरा जास्तच होतंय."

ते हसले. "आनंद म्हणजे तोंड हसरं ठेवायचं असं नाही बाबा. त्यानं आधी सगळं बुडालं असं कबूल केलंय. आपण तेवढंही करत नाही." मग माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "तो फोड दाखव कुणाला तरी."

शुक्रवार 8 सप्टेंबर, मरियेच्या जन्माचा सण. टाकळीभानच्या रस्त्याला लागलो तेव्हा आभाळ भरून आलं होतं आणि थोडी भुरभुर झाली. एवढ्यानं सोयाबीनचं काही होणार नव्हतं, पण धूळ बसली. मी लंगडत मागं पडलो होतो. रस्त्याला लागून एक जुनं घर होतं, पुढं मोठा ओटा, त्यावर पाण्याचे हंडे भरून ठेवलेले आणि एक म्हातारी बाई परातीत गरम पाणी घेऊन बसलेली. आषाढात पंढरीच्या दिंड्यांची सेवा करणारं घर होतं ते. ही दिंडी कुठली, हे तिनं विचारलंही नाही. "बस रे लेकरा, पाय दे इकडं."

मी म्हणालो, "नको आजी, मी धुतो."

"तू वाकलास तर पडशील. दे."

मला ते फार अवघड गेलं. का, ते मला तेव्हाच ठाऊक होतं. असल्या ओट्याची पायरी माझ्या आज्याला चढता येत नव्हती. तो खाली उभा राहायचा आणि भाकरी वरून टाकलेली झेलायचा. त्या ओट्यावर मी बसलेलो आणि त्या घरची थोरली बाई माझा पाय परातीत धरून मिठाच्या पाण्यानं फोड शेकत होती. मनात एक आवाज म्हणत होता, हिला सांग आपण कोण आहोत. दुसरा म्हणत होता, निदान शंभराची नोट ठेव परातीजवळ. खिशात एक होतीही.

शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू शिष्यांचे पाय धुवायला लागतो तेव्हा पेत्र पाय मागं घेतो. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, म्हणतो. आजवर मी प्रत्येक पवित्र गुरुवारी हा भाग ऐकला तो येशूच्या बाजूनं. नम्रता म्हणजे वाकून दुसऱ्याची सेवा करणं, असाच त्याचा अर्थ आम्हाला सांगितला गेला आणि टेम्पोच्या केबिनमध्ये बसून तो मला पटतही होता. पेत्राची अडचण मला त्या ओट्यावर कळली. देणारा वाकला तरी शेवटी देणाराच असतो, त्याच्या हातात काहीतरी असतं. घेणाऱ्याला नुसतं बसून राहावं लागतं.

मी नोट काढली नाही. आजीनं हळद-तेल लावलं, कापडाची चिंधी बांधली आणि म्हणाली, "पाऊस माग रे देवाकडं आमच्यासाठी पण." तिचंही सोयाबीन वाळत होतं.

त्यानंतर पिशवी मी टेम्पोत टाकली. गवंडी पोरानं काही न बोलता ती घेतली. रात्री जेवायला त्याच्याच घरच्या भाकरी होत्या आणि पिठलं. मी दोनदा मागून घेतलं.

श्रीरामपूरहून शनिवारी हरेगावकडं वळलो. रेल्वे स्टेशनावर अजून बेलापूर हेच नाव आहे. बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हरेगावात होता, राज्यातल्या सगळ्यात जुन्या कारखान्यांपैकी एक. कंपनीनं ब्रिटिशांच्या काळात शेतकऱ्यांच्या जमिनी खंडानं घेतल्या, पुढं त्या शेती महामंडळाकडं गेल्या आणि जमिनी खंडानं देणाऱ्या या खंडकऱ्यांच्या पोरांना त्या परत मिळवायला अर्धं आयुष्य भांडावं लागलं. आमचे लोक मात्र खंडकरीसुद्धा नव्हते, त्या उसात मजुरी करणारे होते. अशा मजुरांच्या वाड्यांमध्ये 1949 साली ही यात्रा सुरू झाली. कारखाना कधीच बंद पडला. उंदीरगाव-हरेगावच्या परिसरात सप्टेंबरमध्ये जी गर्दी लोटते ती संत तेरेजा चर्चच्या आवारातल्या मतमाउलीसाठी. नगर, नाशिक, संभाजीनगर, जालना, पुणे, मुंबई, सगळीकडून माणसं येतात. पाळणे, खेळण्यांची दुकानं, उसाचा रस, हार, मेणबत्त्यांचे ढीग. पायी आलेल्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात.

रांगेत उभं राहून मूर्तीपुढं पोचलो तेव्हा काय मागायचं ते पाठ केलेलं होतं: पाऊस, भाव, सोसायटीच्या कर्जाचं व्याज. पुढच्या माणसाच्या कडेवर ताप आलेलं पोर होतं, मागून धक्का येत होता. मी आजीचा पाऊस आधी मागितला. माझ्या यादीपर्यंत यायच्या आत स्वयंसेवकानं पुढं ढकललं. परत रांग लावावी का, असा विचार आला आणि लावली नाही. जे हवं ते देवाला ठाऊक असणार, एवढं धरून चालायचं ठरवलं. भरवसा म्हणतात तो याहून मोठा माझ्याकडं तेव्हा नव्हता.

पुढचं सांगायचं तर, सोयाबीन गेलंच. उरलेला कांदा निवडून निवडून विकला. डिसेंबरमध्ये सरकारनं निर्यातबंदी केली आणि नवा लाल कांदाही मातीमोल झाला. थोरल्या मेव्हण्यानं पैसे देऊ केले. एरवी मी नाही म्हटलं असतं, या वेळी घेतले. घरात वडिलांच्या फोटोखाली बसूनच घेतले आणि त्यातून व्याज भरलं.

2024 च्या दिंडीआधी बैठकीत टेम्पोचा विषय निघाला तेव्हा घरटी वर्गणी ठरली. बुंदी तीन घरांनी मिळून करायची, एकाच्या अंगावर नको. त्यात आमचंही घर आहे, मजुरीवर जाणारी दोन आहेत. मी आता पूर्ण वाट चालतो. बुंदी मात्र पूर्वीसारखी होत नाही. तिघींचं पाकावर एकमत नसतं आणि तो दर वेळी कच्चा राहतो.