वागळे ते रबाळे: आमची वाटचाल

आमची टूलरूम बाटल्यांची झाकणं, औषधांच्या पॅकिंगचे भाग आणि वीजमीटरच्या पेट्या यांचे प्लॅस्टिक मोल्ड, म्हणजे साचे, बनवते. सुरुवात ठाण्यात वागळे इस्टेटला झाली: भाड्याचा गाळा, एक लेथ, एक मिलिंग. 1962 साली एमआयडीसी स्थापन झाली आणि वागळे तिची पहिली वसाहत ठरली. त्यामुळे आम्ही उतरलो तेव्हा ग्राइंडिंगवाले, प्लेटिंगवाले, स्प्रिंगवाले सगळे आधीपासून शेजारी होते. काम वाढलं तसे खाडीपलीकडे नवी मुंबईत रबाळ्याला आलो.

आजही आमच्याकडे हार्डनिंगची, म्हणजे स्टील तापवून कडक करायची, भट्टी नाही, आणि घ्यायचीही नाही. का, ते कॅव्हिटीच्या (मोल्डच्या ज्या पोकळीत प्लॅस्टिक भरतं तिच्या) एका ब्लॉकवरून कळेल. एच-13 जातीचं टूल स्टील कापून येतं, टेस्ट सर्टिफिकेटशिवाय उतरवून घ्यायचं नाही. रफिंग, म्हणजे जाडसर कापणी, आमच्या व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर) होतं. दर बाजूला 0.3 मिमी माल ठेवतो, कारण हार्डनिंगमध्ये ब्लॉक थोडा वाकतोच. कमी ठेवला तर ग्राइंडिंगनंतरही काळे डाग राहतात, जास्त ठेवला तर ग्राइंडिंग लांबतं आणि पृष्ठभाग जळण्याची भीती. मग भट्टीवाल्याकडे व्हॅक्यूम भट्टीत साधारण 1,020 अंश, नायट्रोजनने थंड, किमान दोन टेंपरिंग (ठिसूळपणा घालवायला पुन्हा कमी तापमानाला तापवणं), कडकपणा 48 ते 52 एचआरसी (रॉकवेल मापात).

आमच्या एका ब्लॉकसाठी ही भट्टी पेटवणं कुणालाच परवडणार नाही. आजूबाजूच्या गाळ्यांचा माल एकत्र आला की चार्ज (भट्टीची एक खेप) भरतो आणि सगळ्यांना किलोच्या भावात काम मिळतं. एखाद्या तालुक्याच्या गावात एकटीच टूलरूम असती, तर चार्ज भरेपर्यंत ब्लॉक पडून राहिला असता. वायरकट (तारेच्या ठिणगीने स्टील कापणं), पॉलिशिंग, टेक्श्चर यांचंही हेच. ओ-रिंग किंवा इजेक्टर पिन (मोल्डमधून माल बाहेर ढकलणारी) अडली तर माणूस लोकलने मुंबईत नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन संध्याकाळपर्यंत परत येतो. मोठ्या शहराची खरी ताकद ही आहे: लहान धंद्याला सगळं स्वतः घ्यावं लागत नाही, एकाच कामात हात बसवता येतो.

नवं शिकायलाही हीच गर्दी उपयोगी पडते. ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये आतले कोपरे टोकदार असतात, आणि हार्डनिंगमध्ये तडा तिथूनच सुरू होतो. भट्टीवाल्याच्या नजरेखालून सगळ्यांचे तडे जातात, म्हणून ब्लॉक हातात घेताच तो सांगतो, “साहेब, इथे किमान अर्धा मिमी रेडियस द्या, नाहीतर इन्सर्ट दोन तुकड्यांत करा.” (इन्सर्ट म्हणजे मोल्डमध्ये वेगळा बसवायचा भाग.) भट्टीवाल्याचं हे ज्ञान कुठल्याही कॅटलॉगमध्ये मिळत नाही.

फिटर एका गाळ्यातून दुसऱ्यात गेला की मालक कुरकुरतात, पण तो सोबत पद्धती घेऊन येतो. झाकणाच्या मोल्डच्या बारीक कोअरमध्ये (झाकणाची आतली बाजू घडवणाऱ्या भागात) बेरिलियम कॉपरचा इन्सर्ट बसवायची पद्धत आमच्याकडे अशीच आली. मोल्डिंगच्या सायकलचा निम्म्याहून जास्त वेळ माल थंड होण्यातच जातो. मालाच्या भिंतीची जाडी 2 वरून 3 मिमी झाली तर हा वेळ सव्वादोनपट होतो. बारीक कोअरमध्ये थंड करणाऱ्या पाण्याचं भोक मावत नाही, तिथे बेरिलियम कॉपर उष्णता स्टीलच्या कितीतरी पट वेगाने बाहेर काढतो. मात्र त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे. कोरडं ग्राइंडिंग अजिबात नको. कूलंट आणि सक्शन लावूनच काम करायचं.

आता चिंता जागेची आहे. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात डेटा सेंटर आणि आयटी पार्क आले. रोजगार आला, ते हवेच आहेत. पण भाडं परवडेना म्हणून भट्टीवाला आणि प्लेटिंगवाला लांब गेले, तर ही साखळी तुटते. आमच्यासाठी अंतर तासांत मोजलं जातं: छोटा हत्ती शिळफाट्याला अडकला की दुसऱ्या दिवशीची मोल्डची ट्रायल गेली. बहुमजली गाळे बांधा, पण तळमजला भट्टी, ग्राइंडिंग आणि व्हीएमसीसाठी राखून ठेवा. पाच-सहा टनांचं मशीन वरच्या स्लॅबवर ठेवलं तर भार आणि कंपन दोन्ही आड येतात. डिझाइन, असेंब्ली खुशाल वर जाऊ द्या.

सध्या शेजारच्या गाळेवाल्यांबरोबर सामायिक सीएमएमची (अचूक मोजमापाच्या मशीनची) बोलणी चालू आहेत. खर्च मशीनइतकाच खोलीचाही आहे, कारण ती बारा महिने 20 अंशांवर ठेवावी लागते. मे महिन्यात गाळ्यात 35 अंश असतात, तेव्हा स्टीलचा 100 मिमीचा इन्सर्ट सुमारे 0.017 मिमीने वाढलेला असतो, आणि औषधांच्या पॅकिंगवाले ग्राहक 0.01 मिमीची अचूकता मागतात. मापाआधी इन्सर्ट रात्रभर त्या खोलीत ठेवायचा आणि तासांप्रमाणे भाडं वाटून घ्यायचं, इथवर सगळ्यांचं जमलं आहे.