मोटारीच्या खोलीचं दार

नोव्हेंबर, निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांचे दिवस. बागायतदारांनी फवारणीची नोंद ठेवावी म्हणून आम्ही अ‍ॅप बनवलं होतं, पण त्यात वेळेवर नोंद कुणी करत नव्हतं. नाशिकच्या ऑफिसात त्याचं निदान ठरलेलं होतं: आळस. उपाय म्हणून रोज रात्री ८ वाजता आठवण, सोबत २०१० चा दाखला. त्या वर्षी क्लोरमेक्वाट या वाढरोधक औषधाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. या धाकाने एवढंच झालं की लोकांनी आठवणच बंद करून टाकली.

बागेत औषध कालवत होता सालगडी. अ‍ॅप मालकाच्या फोनमध्ये, आणि मालक पिंपळगावला. सालगड्याच्या हातात ओले हातमोजे. भरायचे रकाने ११. यादीत औषधांची तांत्रिक नावं, बागेत चालतं ते पुडीवरचं नाव. मग हंगाम संपताना मालक दुकानाच्या बिलांवरून सगळं एका बैठकीत भरणार. बिलावर तारीख खरेदीची असते, फवारणीची नाही. फळात औषधाचा अंश उरू नये म्हणून शेवटची फवारणी ते काढणी हे दिवस मोजताना नेमकी तिथेच चूक होते.

आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या दारावर, आतल्या बाजूला, सुताराच्या पेन्सिलीने लिहिलेलं: तारीख, 'भुरी' (म्हणजे कोणत्या रोगासाठी), '२ पुड्या'. महिनाभराच्या नोंदी. आळस कसला!

ब्लोअरची, म्हणजे फवारणी यंत्राची, ६०० लिटरची टाकी भरेपर्यंत माणूस नुसता उभा असतो. दारावरचं लिखाण त्याच वेळातलं. आम्ही नोंद तिथे नेली. सालगड्याचा नंबर जोडला, फोडण्याआधी पुडीचा फोटो, आणि एकच प्रश्न: किती पुड्या? फोटोतून नाव, बॅच कळते. मात्रा कळत नाही. अर्धी पुडी उरते, म्हणून 'अर्धी' हे बटण वेगळं. चकचकीत पुडीवर ऊन पडलं की अक्षरं पुसट येतात, ती अडचण अजून आहेच.

औषध कालवल्यावर पाऊस आला तर फवारणी राहते. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी विचारायचं: काल फवारणी झाली का? इथे 'हो' आधीच निवडून ठेवा, असा एका सहकाऱ्याचा आग्रह. हाताशी २००३ चा अवयवदानाचा अभ्यास: संमती वेगळी द्यावी लागणाऱ्या जर्मनीत संमती असलेले १२ टक्के, ती गृहीत धरणाऱ्या ऑस्ट्रियात जवळजवळ १००. आकडे खरे, पण तिथे प्रश्न संमतीचा होता, इथे घडलेल्या गोष्टीचा. आयतं 'हो' म्हणजे न झालेली फवारणी कागदावर. दोन्ही बटणं कोरी ठेवली.

पेन्सिल मात्र सुटली नाही. शेवटी 'दाराचा फोटो' असंही एक बटण दिलं.