आमची वाटचाल : इस्त्रीवर जमलेला रोबो

भोसरीच्या गाळ्यात वडील कमरेचे पट्टे, नी-कॅप आणि हात गळ्यात अडकवायच्या झोळ्या शिवायचे. आता आम्ही रोबो बनवतो म्हटलं की पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर लोखंडी माणूस येतो. आमचा रोबो म्हणजे हात उचलायला मदत करणारं कापडी जॅकेट; ते घडी घालून पिशवीत बसतं.

सुरुवात एका फिजिओताईंच्या टोमण्यानं झाली. "तुमची झोळी हात नुसता लटकवते. उचलून देणारं काही शिवता येतं का बघा." पॅरालिसिसनंतर ज्यांचा खांदा उचलत नाही, त्यांच्याबद्दल त्या बोलत होत्या.

वाचायला घेतलं. हात वर जाताना खांद्याच्या सांध्याचं केंद्र सरकतं. हाताला बाहेरून बांधायच्या कडक सांगाड्याची बिजागरी मात्र जागेवरच राहते आणि काचते. कापडाला बिजागरीच नाही. हवेचा स्नायूही नवा नव्हे. 1950च्या दशकात जोसेफ मॅककिबेन या अमेरिकी शास्त्रज्ञानं पोलिओ झालेल्या मुलीची बोटं हलावीत म्हणून रबरी नळीवर विणलेली जाळी चढवली होती. हवा भरली की नळी फुगते आणि जाळीमुळे लांबीला आखडते. हार्वर्ड आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं 2014 मध्ये सॉफ्ट रोबोटिक्स टूलकिट, म्हणजे मऊ रोबो कसे बनवायचे याची माहिती, सगळ्यांसाठी खुलं केलं, त्यानं आमच्यासारख्यांचं फावलं.

आम्ही काखेत बसणारी, फुगली की हात वर ढकलणारी हवेची उशी निवडली. हाताचं वजन शरीराच्या साधारण 5 टक्के, म्हणजे 60 किलोच्या माणसाचा हात 3 किलोचा. टीपीयूचा (उष्णतेनं चिकटणाऱ्या लवचिक प्लास्टिकचा) थर दिलेलं नायलॉन आणलं, दोन तुकड्यांमध्ये थर आत घेतला, वर बटर पेपर ठेवून घरच्या इस्त्रीनं कडा चिकटवल्या. ती इस्त्री पुन्हा कपड्यांना लागली नाही. पहिल्या उशा कोपऱ्यात फाटायच्या. कारखान्यातल्या मावशी म्हणाल्या, "कोपरा ठेवताच कशाला? गोल कापा." पुस्तकातही तेच होतं, चार पानं पुढं.

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. पंप सुरू केला की हाताआधी जॅकेटच वर चढायचं. मोटार, व्हॉल्व्ह, सेन्सर बाजारात विकत मिळतात; दंडावर न सरकणारं कापड मिळत नाही. तिथं मावशींचा ब्लाउजचा मुंढा कामी आला. मुंढा खोल घेतला, ताण येतो त्या रेषेत न ताणणारी निवारीची पट्टी घातली, ती दुसऱ्या खांद्यावरून कमरेच्या पट्ट्याला बांधली. असे किती नमुने उसवले, मोजले नाहीत.

मग कळलं की हे एका हातानं घालता यायला हवं. आमचं बक्कल दोन हातांचं होतं! इतकी साधी गोष्ट दोन वर्षं कुणाच्या डोक्यात आली नाही, याची अजून लाज वाटते.

कागदपत्रांची फाइल जॅकेटपेक्षा जड आहे. 1 एप्रिल 2020 पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, त्यामुळे चाचणीपुरते नमुने करायलाही परवाना लागतो. कटकट आहे, पण काखेत हवा भरणारी वस्तू कुणीही उठून विकू नये, हे मलाही पटतं.

ज्यांचा हात फार ताठरला आहे त्यांना आम्ही नाही म्हणतो; तिथं उशी जोर लावते आणि स्नायू उलट ओढतो. पगार अजून कमरेच्या पट्ट्यांवरच निघतात.

चाचणीतले एक निवृत्त गुरुजी कीर्तनाला जाताना जॅकेट काढून ठेवायचे, पंप गुणगुणतो म्हणून. पंपाच्या पाऊचला आतून फोमचं अस्तर लावलं. गेल्या महिन्यात त्यांनी दोरीवर टॉवेल वाळत घातला. टॉवेल नीट पिळलेला नव्हता, सगळं पाणी पंपावर. आता पाऊच रेनकोटच्या कापडाचा शिवतोय.