तलावाचा तास

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं संपादक मंडळाचं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर उभा राहिला तो सरांचा विज्ञानाचा तास. 'सर' म्हटलं की कोण, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही. बाकी सगळ्यांचे ऋण आहेतच, पण आज लिहीन ते सरांबद्दलच.

आठवीत पाण्यातल्या जीवसृष्टीचा धडा आला, तेव्हा सरांनी पुस्तक मिटलं आणि गावातल्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या एका बुवांना वर्गात आणलं. त्यांना आपल्या खुर्चीवर बसवलं. स्वतः पहिल्या बाकावर वही उघडून बसले. बुवांनी ओल्या गोणपाटातून एकेक वनस्पती काढून टेबलावर मांडली. सर उठून फळ्यावर तिचं नाव लिहीत: हायड्रिला, सेरॅटोफायलम, व्हॅलिसनेरिया. कुठल्या झाडोऱ्यात मरळ पिल्लं राखते, बोटरी मासा कुठे लपतो, हे बुवा सांगत होते आणि सर ते उतरवून घेत होते. रोहू-कतला तलावाच्या थांबलेल्या पाण्यात वीण करत नाहीत, म्हणून त्यांचं बीज दरवर्षी विकत आणावं लागतं. गावरान मासा आपला आपण वाढतो, फक्त त्याला झाडोरा आणि उथळ काठ लागतो. हे त्या तासाला कळलं.

मे महिन्यात सर तलावावर नेत. बेशरम, म्हणजे तलावात माजणारं ते झुडूप, उपटायची ती पाणी ओसरल्यावर, पण गाळ कडक व्हायच्या आत. उशीर झाला की खोड हातात येतं आणि मूळ जमिनीत राहतं. एका मुलाने घाईत ती विळ्याने कापली आणि तुकडे ओल्या काठावरच टाकले. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा सरांनी त्यातलाच एक वीतभर तुकडा वर्गात आणला. प्रत्येक पेऱ्याला पांढरी मुळं आणि वर दोन कोवळी पानं. सर त्या मुलाला रागावले नाहीत. तुकडा बाकांवरून फिरवला आणि म्हणाले, "पेरं मोजा." तेव्हापासून उपटलेली बेशरम पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, बाहेरच्या कोरड्या अंगाला न्यायची आणि पार वाळली की जाळायची, हा नियम झाला.

आपल्याकडचे मालगुजारी, म्हणजे जमीनदारीच्या काळातले, तलाव कोहळी समाजाने बांधले, हे आपण अभिमानाने सांगतो. पाळ, तुडुम (पाणी सोडायचं दार), सलंग (जादा पाणी वाहून जायची वाट) सगळं त्यांचं. पण पाण्यात काय जगतं हे ढिवरांनी जपलं, आणि त्यांचं नाव क्वचितच निघतं. 1950 च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, देखभाल मागे पडली आणि बेशरम वाढली. तरी भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर, पतीराम तुमसरे आणि निमगावच्या शालू कोल्हे व त्यांच्यासोबतच्या बाया यांनी तलाव सांभाळायचं हे काम पुन्हा उभं केलं. आधी बेशरम काढायची, मग तळ नांगरायचा, पाऊस लागला की मुळं चिखलाच्या गोळ्यात धरून वनस्पती लावायच्या. बुडून वाढणाऱ्या खोल भागात, कमळ-पोयणी मधल्या पाण्यात, देवधान (रानटी भात) काठाला. नुकत्या लावलेल्या तलावात ग्रासकार्प मासा सोडला तर तो सगळं खाऊन टाकतो, आणि सायप्रिनस मासा तळ उकरून पाणी गढूळ करतो. झाडोऱ्याची मुळं मग धरतच नाहीत.

हल्ली खोलीकरणाला पोकलेन येतं, त्याचं फार वाईट वाटतं. पाळीलगत सरळ कडा पाडतात. उथळ काठ गेला की देवधान गेलं, अंडी घालायची जागा गेली, पाणपक्षीही गेले. गाळ जरूर काढावा, पण उतार राखून, आणि वरचा थर शेतात टाकण्याआधी त्यातले कंद बाजूला ठेवून. सर असते तर मशीनसमोर उभे राहून हेच बोलले असते.

समितीला एक विनंती आहे. महोत्सवाच्या सत्कारात आपल्या तलावावरच्या ढिवर बायांना व्यासपीठावर मधल्या खुर्च्या द्याव्यात. शाल-श्रीफळासोबत त्यांच्या मच्छीमार सोसायटीला गमबूट आणि जाड हातमोजे द्यावेत. बेशरमेचा चीक हाताला लागतो.

सलंगाजवळ पुन्हा बेशरम दिसते आहे. पाणी उतरतंय, मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत गाळ मऊ राहील. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी सहाला पाळीवर यावं, विळा घरीच ठेवून.