नानांची पहिली सिगार आणि बाकीच्या तीन

बायकोचे थोरले भाऊ, आमचे नाना, जूनअखेर रिटायर झाले. सुपारीच्या खांडापलीकडे व्यसन नाही, आणि इच्छा काय, तर आता एकदा सिगार ओढून बघायची. घोडबंदर रोडच्या त्यांच्या फ्लॅटला स्वतःची टेरेस आहे, तिथेच बसायचं ठरलं. माणसं चार. नाना, मी (वर्षाकाठी एखादी ओढणारा), रोज एक पाकीट संपवणारा मित्र संदीप आणि नानांचे मावसभाऊ बापू. बापूंची हयात मर्चंट नेव्हीत गेली, सिगार त्यांना बंदरोबंदरीच्या माहीत. खरेदी माझ्या गळ्यात पडली.

ओळखीतला एक जण ‘कोहिबा’ या नामी क्युबन सिगारची पेटी स्वस्तात देत होता. वर काचेचं झाकण, आत सोनेरी कागद. बापूंना फोन केला तर ते हसायलाच लागले. “अरे, कोहिबा काचेच्या झाकणात येतच नाही!” शिवाय आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या पेटीवर 85 टक्के जागेत सचित्र इशारा लागतो, त्याचाही पत्ता नव्हता. तो विषय तिथेच संपला.

मग वाशीच्या एका दुकानात गेलो. आत दमट हवेची काचेची खोली, त्यात सगळा माल. मी सरळ सांगितलं, चौघं चार तऱ्हेचे आहेत. काउंटरवरचा मुलगा जाणकार निघाला. त्याने आधी विचारलं, “सिगारेट कोण ओढतं?” मला वाटलं, त्याला कडक सिगार दाखवायची असेल. झालं उलटंच. नवख्याची काळजी नाही म्हणाला, तो घाबरून हळू ओढतो. सिगारेटवाला सवयीने धूर छातीत घेतो. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यातलं निकोटिन तोंडातल्या तोंडातच शोषलं जातं, आत ओढायची गरजच नसते. आणि मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते.

मला हे पटलं. सिगारेटची वर्षं सिगारच्या अनुभवात धरायची नाहीत. संदीपला मी नानांच्याच रांगेत बसवलं.

त्या दोघांसाठी डॉमिनिकन रिपब्लिकच्या सिगार घेतल्या, आखूड कोरोना आकाराच्या, वरचं पान कनेक्टिकट शेड. हे पान कापडी मांडवाखाली वाढवतात, म्हणून फिकट आणि पातळ निघतं. चव सौम्य, थोडी सायीसारखी. नानांना काळीभोर सिगार हवी होती, फोटोत रुबाबदार दिसते म्हणून. पण रंगावरून कडकपणा ठरत नाही. काळपट मादुरो पान जास्त काळ आंबवलेलं असतं आणि पुष्कळदा गोडसर लागतं. कडकपणा मुख्यतः आतल्या भरणीतून येतो. रोपाच्या शेंड्याकडची पानं, म्हणजे लिगेरो, जास्त ऊन खातात आणि तीच डोक्यात जातात. खालची व्होलाडो सौम्य असतात आणि नीट जळतात. भरणीत लिगेरो किती, हे बाहेरून दिसत नाही, तिथे दुकानदाराला विचारण्यावाचून इलाज नाही.

जाडीचंही तसंच. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, 50 म्हणजे 50/64 इंच. जाड सिगार कडकच असेल असं नाही, पण मोठी असली की वेळ लागतो. रोबस्टो या आखूड, जाड आकाराला पाऊण तास सहज जातो. नवख्याला तेवढा वेळ बसवणं म्हणजे शिक्षा.

माझ्यासाठी माँतेक्रिस्तो नंबर 4 घेतली, मध्यम. बापूंसाठी पार्तागास सेरी डी नंबर 4. क्युबन रोबस्टो, भरदार, मिरमिरीत. या दोन्हींचे पैसे मोजताना हात जड झाला, पण बापूंपुढे सौम्य डॉमिनिकन ठेवायला मी धजलो नसतो.

कार्यक्रमाला अजून आठवडा होता आणि बाहेर ठाण्याचा पाऊस. सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते, आमच्याकडे तेव्हा भिंतीलाही ओल होती. हवाबंद डब्यात आर्द्रता 65 टक्क्यांवर राखणारं पाकीट टाकून ठेवल्या. फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, सिगार कोरड्या पडतात आणि लसणाचा वास धरतात.

त्या दिवशी सगळ्यांना आधी पोटभर जेवायला लावलं. वहिनींनी विचारलं, “धूर आत घ्यायचा नाही, मग धोका नाही ना?” आहे म्हटलं. तोंडाच्या कॅन्सरचा धोका धूर गिळला नाही तरी राहतोच. त्यांनी नानांकडे असं पाहिलं की सिगार रद्द होते की काय असं वाटलं.

बापूंनी सिगारच्या बंद टोकाची टोपी बेताने कापली, न पेटवता एकदा ओढून बघितलं, मग ज्योत लांब धरून टोक शेकलं. मिनिटाला एक झुरका, त्याहून घाई नाही. नानांनी आज्ञाधारकपणे तसंच केलं. संदीपने पाच मिनिटांत धूर आत घेतलाच. कपाळावर घाम, तोंड पांढरं. वहिनींनी साखर जास्त घालून लिंबू सरबत दिलं, ते पिऊन तो माणसात आला आणि उरलेली त्याने बाजूला ठेवली.

नाना अर्ध्यावर थांबले. शेवटचा तिसरा हिस्सा सगळ्यात कडक होतो, म्हणून बापूंनीच थांबवलं. म्हणाले, चिरडू नका, रक्षापात्रात ठेवा, आपोआप विझते. पुन्हा आणू का, असं मी विचारलं. नाना म्हणाले, “नको, झालं. पण त्या काळ्या सिगारसोबत एक फोटो राहिला.”